लष्करी तळ रिकामा झाला, आता जागेचं काय करायचं? पाच जागांची तुलना

लष्कराचा एखादा तळ बंद होतोय आणि त्या जागेचं पुढे काय करायचं यावर तुम्हाला मत द्यायचंय असं समजा, म्हणजे तुम्ही नियोजन समितीवर असाल किंवा सुनावणीत हरकती-सूचना लिहून देणार असाल किंवा सरळ सार्वमतातच मत टाकायचं असेल. तुमच्यासमोर चार-पाच रंगीत चित्रं ठेवली जाणार हे नक्की. एकात झाडं आणि पळणारी पोरं, एकात काचेचे टॉवर, एकात छपरावर सोलर पॅनल लावलेली टुमदार घरं. चित्रं बघून ठरवू नका, कारण ती सगळीच छान असतात. हे ज्या जागांवर आधीच घडून गेलंय त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की मला तरी एकच गोष्ट दिसते, फरक पडतो तो कागदाने. कायद्यात, करारात, खरेदीखतात नेमकी कोणती ओळ होती, कोणी लिहिली, आणि लष्कर जायच्या आधी लिहिली की नंतर, यावर पुढची तीस-चाळीस वर्षं ठरलीत.

पाच जागा घेतो. सॅन फ्रान्सिस्कोचं प्रेसिडियो, जिथे पार्क झालं पण पार्कने स्वतःचं पोट स्वतः भरायचं अशी अट पडली. बर्लिनचं टेम्पेलहोफ, जुनं विमानतळ, लोकांनी मत देऊन मोकळं ठेवलं. जर्मनीतच फ्रायबुर्गचं फौबान, बराकींच्या जागी वस्ती उभी राहिली. फिलिपाईन्सचं सुबिक बे, नाविक तळाचं मुक्त बंदर झालं. आणि अमेरिकेतच डेन्व्हरजवळचं रॉकी माउंटन आर्सेनल, जिथे विषारी वायू बनायचा आणि आता बायसन, म्हणजे अमेरिकन रानगवे, चरतात. अजून एक-दोन नावं मधे मधे येतील.

आधी या जागा कशा बदलत गेल्या ते

लष्करी जागेबद्दल बोलताना लोकांच्या डोक्यात असतं की इथे शंभर वर्षं सैन्य होतं, आता ते गेलं, आता आपण पहिल्यांदा काहीतरी वेगळं करणार. तसं नसतंच. प्रेसिडियो बघा. १७७६ ला स्पॅनिश लोकांनी ठाणं टाकलं, १८२१ नंतर ते मेक्सिकोचं झालं, १८४६ ला अमेरिकन आले आणि १९९४ पर्यंत राहिले. आज तिथे जे दाट जंगल दिसतं, निलगिरी, सायप्रस, पाइन, ते पण लष्करानेच १८८० च्या दशकात आखणी करून लावलेलं, त्याआधी वाळूच्या टेकड्या आणि खुरटी झुडपं होती. क्रिसी फील्ड नावाचा किनाऱ्यालगतचा पट्टा तर तीन वेळा पालटला, मुळात दलदल, मग १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी भराव टाकून सपाट केला, मग लष्कराचं विमानतळ, आणि शेवटी डांबर उखडून २००१ ला परत भरती-ओहोटीची दलदल. म्हणजे आधी पैसे खर्चून बुजवलं आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी पैसे खर्चून उकरलं.

त्याच क्रिसी फील्डवर ६४० नंबरचं एक जुनं हँगर आहे. नोव्हेंबर १९४१ मधे तिथे लष्कराने गुपचूप एक शाळा सुरू केली, जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांना लष्करी कामाची जपानी भाषा शिकवायला. पुढच्या काही महिन्यांत त्याच प्रेसिडियोतून जनरल डेविटने हुकूम काढले की पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावून छावण्यांत हलवा. म्हणजे पोरगा हँगरमधे देशासाठी शिकतोय आणि त्याच्या आईबापांना हलवायचा कागद टेकडीवरच्या ऑफिसातून निघतोय. आता त्या हँगरमधे त्या सैनिकांचं स्मृतिकेंद्र आहे. हे सांगायचं कारण असं की जागेचं काय करायचं ठरवताना "ऐतिहासिक इमारती जपू" असं एक ढोबळ वाक्य टाकलं जातं आणि मग सुंदर दिसणारे अधिकाऱ्यांचे बंगले जपले जातात. ६४० नंबरचं हँगर दिसायला काही खास नाही. इमारतींची यादी करताना कुठे काय घडलं हे माहीत असणारा माणूस टेबलवर पाहिजे, नुसता आर्किटेक्ट नको.

टेम्पेलहोफचंही तसंच. आधी प्रशियाच्या सैन्याचं परेडचं मैदान, १९०९ ला ऑर्व्हिल राइटने तिथे विमान उडवून दाखवलं, १९२३ पासून विमानतळ, १९३६ पासून नाझींनी ती सव्वा किलोमीटर लांबीची अजस्र इमारत बांधायला घेतली, आणि तिच्या शेजारीच कोलंबिया-हाऊस नावाची छळछावणी होती. युद्धानंतर अमेरिकन हवाई दल, १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत अख्ख्या पश्चिम बर्लिनचं पोट याच धावपट्ट्यांवर (गाटो आणि टेगेल हे दुसरे दोन विमानतळ होतेच) उतरणाऱ्या विमानांनी भरलं, अमेरिकन १९९० च्या दशकात गेले आणि विमानतळ ३० ऑक्टोबर २००८ ला बंद झालं.

फौबानचा इतिहास त्या मानाने साधा, १९३० च्या दशकातल्या जर्मन बराकी, १९४५ पासून फ्रेंच सैन्य, १९९२ ला ते गेले. नाव फ्रेंच मार्शलचं, ते तसंच राहिलं. सुबिकला स्पॅनिश लोकांनी १८८५ ला तळ करायचं ठरवलं, १८९८ नंतर अमेरिकन, आणि २४ नोव्हेंबर १९९२ ला शेवटचं जहाज गेलं.

आर्सेनल सगळ्यात नवीन आणि सगळ्यात वाईट. १९४२ ला शेतकऱ्यांना उठवून लष्कराने कारखाना टाकला, मस्टर्ड गॅस, नापाम हे आगलावं रसायन, पुढे सरीन हा प्राणघातक वायू. १९५२ पासून शेल कंपनी त्याच आवारात कीटकनाशकं बनवत होती ती थेट १९८२ पर्यंत.

मातीत काय आहे

पार्क की घरं हा वाद नंतर घालता येईल, ह्या प्रश्नाचं उत्तर आधी लागतं. आर्सेनलमधे सांडपाणी साठवायला तळी खणली होती, त्यातलं "बेसिन एफ" ९३ एकरांचं, आणि त्यावर उतरणारे पक्षी मरायचे. मग हे सांडपाणी कुठेतरी घालवायचं म्हणून १२,००० फुटांहून खोल एक विहीर खणली आणि १९६२ पासून त्यात ते पंपाने ढकलायला सुरुवात केली. तर डेन्व्हर भागात भूकंप व्हायला लागले. एका भूगर्भशास्त्रज्ञाने विहिरीत किती पाणी ढकललं आणि किती धक्के बसले हे शेजारी ठेवून दाखवलं, १९६६ ला विहीर बंद केली, तरी १९६७ ला ५ च्या आसपासचे धक्के बसलेच.

आता गंमत बघा. माणसांना आत येऊ देत नव्हते त्यामुळे प्राणी मजेत होते, आणि १९८६ च्या हिवाळ्यात तिथे बाल्ड ईगल, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, मुक्कामाला असल्याचं सापडलं. त्यानंतर १९९२ ला कायदा झाला की साफसफाई झाल्यावर ही जागा वन्यजीव अभयारण्य. सफाई २०१० ला संपल्याचं जाहीर झालं, खर्च सुमारे २१० कोटी डॉलर, लष्कर आणि शेल यांच्यात वाटलेला. पण "संपली" म्हणजे काय तर सगळ्यात घाण माती लायनिंग घातलेल्या खड्ड्यांत पुरून वर जाड थर टाकून बंद केली, ती कुठे गेली नाही, आणि भूजल शुद्ध करायचे प्लांट चालूच ठेवावे लागतात. शिवाय जमिनीवर कायमच्या अटी आहेत, इथे घरं नाहीत, शेती नाही, पाणी प्यायचं नाही, इथले मासे पकडून खायचे नाहीत. २००७ ला बायसन आणून सोडले, ते मस्त चरतात, पर्यटक गाडीतून फेरी मारतात, मागे डेन्व्हरचे टॉवर दिसतात. मधेच २००० साली भंगाराच्या ढिगात सरीनचे छोटे बॉम्ब सापडले होते हे पण लक्षात असू द्या.

माझं यावर मत विचाराल तर अभयारण्य हा इथे निसर्गप्रेमातून आलेला पर्याय कमी आणि हिशोबातून आलेला जास्त. पोरं जिथे माती खाऊ शकतात अशा अंगणाइतकी जमीन स्वच्छ करणं आणि बायसनपुरती करणं यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक आहे. ते वाईट आहे असं नाही, आर्सेनलसाठी तोच शहाणपणा होता. पण तुमच्या जागेवर कोणी एकदम अभयारण्याची भाषा करायला लागलं तर एक प्रश्न हळूच विचारा, मातीचा रिपोर्ट कुठेय.

सुबिकमधे उलटा प्रकार. १९४७ च्या तळ-कराराप्रमाणे अमेरिकेवर जागा पूर्वीसारखी करून द्यायची जबाबदारीच नव्हती. १९९२ ला अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षकांनी लिहिलं होतं की तिथे दूषित जागा आहेत, पण कागदावर बंधन नाही म्हटल्यावर पैसे मागणार कोणाकडे. ४५ वर्षांपूर्वीची एक ओळ. आणि याच्या बरोबर विरुद्ध प्रेसिडियो, तिथे १९९९ ला करार झाला की लष्कराने १० कोटी डॉलर प्रेसिडियो ट्रस्टला (ही जागा सांभाळणारी संस्था, तिच्याबद्दल पुढे येतंच) द्यायचे आणि सफाई ट्रस्टने स्वतःच्या देखरेखीत करून घ्यायची. हा मला पाचांमधला सगळ्यात हुशार व्यवहार वाटतो, कारण लष्कराच्या वेळापत्रकावर बसून राहावं लागलं नाही.

टेम्पेलहोफला माती हा तेवढा मोठा अडसर ठरला नाही कारण कोणी खणतच नाही. तिथल्या सामुदायिक बागा बघा, सगळ्या लाकडी पेट्यांत, पॅलेट ठोकून, जुन्या टबात, मोडक्या खुर्च्या बाजूला, कारण जमीन खणायची परवानगी नाही, मग लोकांनी टमाटे जमिनीच्या वर लावले.

देखभालीचे पैसे दर वर्षी कुठून येणार

इथे बहुतेक सुंदर चित्रं फाटतात. तळ म्हणजे शेकडो इमारती, स्वतःचे रस्ते, स्वतःच्या पाण्याच्या लाईनी, आणि हे सगळं लष्कराच्या बजेटवर चालत असतं. ते बजेट गेलं की छप्पर गळायला लागतं.

प्रेसिडियोची गोष्ट थोडी लांबण लावून सांगतो कारण ह्यातून सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे. १९७२ ला गोल्डन गेट परिसराचं राष्ट्रीय पार्क करायचा कायदा झाला तेव्हा फिलिप बर्टन नावाच्या खासदाराने त्यात घालून ठेवलं की लष्कराला प्रेसिडियो नको होईल तेव्हा ते पार्कमधे जमा. तेव्हा लष्कर जाईल असं कोणाला वाटतही नव्हतं. १९८८ ला तळ बंद करायच्या यादीत नाव आलं आणि ती ओळ कामाला आली, नाहीतर गोल्डन गेट पुलाला लागून जवळजवळ १,५०० एकर, बिल्डरांनी रांगा लावल्या असत्या. पण पार्क खात्याला एवढ्या इमारती परवडेनात, संसदेत बोंब झाली की हे देशातलं सगळ्यात महागडं पार्क होणार. म्हणून १९९६ ला प्रेसिडियो ट्रस्ट काढला, किनारपट्टी पार्क खात्याकडे आणि आतला सुमारे ८० टक्के भाग ट्रस्टकडे, आणि अट अशी की २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहा, नाहीतर जागा विक्रीसाठी जाईल.

ती अट पाळली गेली. कशी? भाड्याने. अधिकाऱ्यांचे बंगले आणि क्वार्टर भाड्याने, बराकीत ऑफिसं, एका बराकीत वॉल्ट डिस्नी यांच्या कुटुंबाचं म्युझियम, जुनं लेटरमन लष्करी हॉस्पिटल पाडून तिथे २००५ ला जॉर्ज लुकासच्या लुकासफिल्म या सिनेमा कंपनीचा कॅम्पस. भाडी बाजारभावाने, म्हणजे चांगलीच. सार्वजनिक जमिनीवर श्रीमंतांची घरं हा आक्षेप तिथे सुरुवातीपासून आहे आणि तो खोटा नाही. पण त्याच भाड्यातून जंगल, पायवाटा, जुन्या भिंती सांभाळल्या जातात, आणि २०२२ ला हायवेच्या बोगद्यांच्या डोक्यावर १४ एकरांचं नवीन पार्क उघडलं, तिथे शहरातला कोणीही डबा घेऊन जाऊन फुकट बसू शकतो.

आणि पैसे लागत असूनही ट्रस्टच्या हद्दीत सगळंच चालवून घेतलं गेलं नाही हे महत्त्वाचं. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकाला परेड ग्राऊंडजवळ मोठं कला म्युझियम काढायचं होतं, लोकांनी एवढा विरोध केला की २००९ ला त्याने नाद सोडला. २०१४ ला क्रिसी फील्डजवळच्या एका प्लॉटसाठी तीन प्रस्ताव होते, त्यातला एक जॉर्ज लुकासचा, ट्रस्टने तिन्ही परत पाठवले. म्हणजे भाडेकरू बरेच असले की एखाद्याला नाही म्हणता येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात हा ट्रस्ट कमीत कमी करायच्या संस्थांच्या यादीत टाकला, पण कायद्याने घातलेली कामं आणि स्वतःची कमाई असल्यामुळे तो एका सहीने गुंडाळता येत नाही. परत तोच कागद.

सुबिकला पण भाड्यावर चाललं पण भाडेकरू मोजके आणि फार मोठे. सुरुवात जबरदस्त झाली, १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी फुटून सगळीकडे राख, त्याच वर्षी फिलिपाईन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा करार फेटाळला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि अशात सुमारे ८,००० स्वयंसेवकांनी तळ लुटला जाऊ नये म्हणून पहारा दिला. १९९२ च्या कायद्याने मुक्त बंदर आणि त्याचं प्राधिकरण तयार झालं. १९९५ ला फेडेक्स या कुरिअर कंपनीने आशियाचं केंद्र तिथे आणलं, १९९६ ला आशिया-पॅसिफिक देशांची शिखर परिषद झाली. मग २००९ ला फेडेक्स चीनमधे ग्वांगझूला गेलं. २००६ ला कोरियाची हानजिन कंपनी जहाजबांधणीला आली, २०१९ ला बुडीत निघाली, फिलिपाईन्सच्या बँकांचे ४० कोटी डॉलरहून जास्त अडकले. २०२२ ला ते शिपयार्ड एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने घेतलं आणि त्याच्या एका भागात फिलिपाईन्सचं नौदल येऊन बसलं. तीस वर्षांनी परत नौदल! नोकऱ्या पटकन हव्या असतील तर सुबिकचा रस्ता चालतो, पण एक भाडेकरू शिंकला की अख्ख्या बंदराला सर्दी.

टेम्पेलहोफचं मैदान म्हणजे गवत, त्याला खर्च कमी. पण ती प्रचंड इमारत मात्र भिजत घोंगडं आहे, काही भागात पोलिस, काही कार्यक्रम, काही ऑफिसं, आणि दुरुस्तीचा खर्च संपत नाही. मैदान जिंकलं, इमारतीचं कोणालाच काही सुचत नाही.

फौबानला वेगळी युक्ती, नगरपालिकेने जमीन केंद्र सरकारकडून स्वतः विकत घेतली, स्वतः प्लॉट पाडले, आणि ते एका मोठ्या बिल्डरला न देता छोट्या छोट्या गटांना विकले, म्हणजे दहा-पंधरा कुटुंबं एकत्र येऊन आर्किटेक्ट ठरवतात आणि आपली बिल्डिंग बांधतात. त्या विक्रीतून रस्ते, शाळा, बाकीच्या सोयी. एकदा बांधून झालं की देखभाल राहणाऱ्यांची. दर वर्षीच्या पैशाचा प्रश्न सगळ्यात स्वच्छ सुटलाय तो इथे.

कोणाला राहता येतं, कोणाला फिरता येतं

फौबानमधे सुमारे ५,५०० लोक राहतात, आणि नियोजन चालू असतानाच नागरिकांचा मंच टेबलवर होता. काही जुन्या बराकी स्वस्तात राहू पाहणाऱ्या एका गटाने ताब्यात घेऊन वाचवल्या, काहींमधे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल झालं. गाडीबद्दलचा नियम मला फार आवडतो. घराच्या दारात पार्किंग नाही, गाडी असेल तर वस्तीच्या कडेच्या गॅरेजमधे जागा विकत घ्यायची आणि ती चांगली महाग पडते, गाडी नसेल तर तसं दरवर्षी लेखी द्यायचं आणि भविष्यात गरज पडली तर गॅरेज बांधता यावं म्हणून राखून ठेवलेल्या जमिनीत थोडा हिस्सा घ्यायचा. ती जमीन तोपर्यंत हिरवळ. २००६ ला ट्राम आली. कमतरता म्हणाल तर घरं आता स्वस्त राहिली नाहीत आणि वस्ती बरीचशी एकाच साच्यातल्या, शिकलेल्या मध्यमवर्गाची आहे. आणि बाहेरच्या माणसाला तिथे जाऊन करण्यासारखं फार काही नाही, ती राहायची जागा आहे.

टेम्पेलहोफला राहता येत नाही, पण ३०० हेक्टर सगळ्यांना मोकळे. २०१४ च्या मे महिन्यात सार्वमत झालं, सरकारला कडेने ४,७०० पर्यंत घरं बांधायची होती, ६४.३ टक्के लोकांनी काहीच बांधू नका म्हणून मत दिलं आणि तसा कायदा झाला. धावपट्टीवर स्केटिंग, पतंग, मधे चंडोल पक्ष्यांच्या विणीसाठी दोरी बांधून राखलेलं गवत. पण घरांची टंचाई असलेल्या शहरात एवढी जागा रिकामी ठेवणं हा पण एक निर्णय आहे आणि त्याची किंमत घर शोधणारे मोजतात, हे मैदानप्रेमी सहसा बोलत नाहीत. २०१५ ला निर्वासित आले तेव्हा हँगरमधे सोय केली आणि पुढे कडेला कंटेनरची घरं टाकता यावीत म्हणून तोच कायदा दुरुस्त करावा लागला. आता कडेने बांधायची चर्चा पुन्हा सुरू आहेच.

सुबिकमधे एक छोटी गोष्ट वेगळीच. तिथले मूळचे आएता लोक अमेरिकन सैनिकांना जंगलात तग धरायला शिकवायचे, बांबूत भात शिजवणं, कोणत्या वेलीत पाणी मिळतं, वगैरे. सैनिक गेले, आता तेच पर्यटकांना शिकवतात.

नंतर विचार बदलला तर?

यावर फारसं कोणी बोलत नाही आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. गवत ठेवलं तर पुढच्या पिढीला घरं बांधता येतात. घरं बांधली तर परत गवत नाही. मनिलाचं फोर्ट बोनिफासिओ बघा, १९९५ ला मोठा भाग खासगी कंपन्यांना विकला, कायद्याप्रमाणे त्यातला वाटा सैन्याच्या आधुनिकीकरणाला जायचा होता, आज तिथे उंच टॉवर, मॉल, महागडी घरं. पैसा एकदाच आला. शेजारी १७ हजारांहून जास्त कबरींची अमेरिकन दफनभूमी तेवढी जशीच्या तशी, कारण तिचा कागद वेगळा.

विकायचंच असेल तरी अटींसह विकता येतं. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर १९६६ पर्यंत लष्कर आणि १९९६ पर्यंत तटरक्षक दल होतं, २००३ ला केंद्राने ते बेट १ डॉलरला दिलं, पण खरेदीखतात लिहिलं की कायमची घरं नाहीत आणि कसिनो नाही. या दोन ओळींमुळे बिल्डरांचा उत्साह जागच्या जागी मावळला. मग शाळा आली, टेकड्यांचं पार्क आलं, २०२१ पासून बेट वर्षभर उघडं आहे. हळू झालं, पण झालं.

प्रेसिडियो मधे कुठेतरी बसतं. भाडेपट्टा संपला की इमारत परत हातात येते. आणि जागेत थोडा ढिलेपणा ठेवला की काय सापडेल सांगता येत नाही, २००९ ला हायवेचं काम चालू असताना कडेला एक झुडूप दिसलं, फ्रान्सिस्कन मॅन्झानिटा, जे रानातून १९४० च्या दशकातच संपलं असं धरलं होतं. मुळासकट, मातीच्या मोठ्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावलं.

मग कोणतं?

जागा शहराच्या आत असेल, माती बरी असेल आणि घरांची खरंच मारामार असेल तर फौबान, पण अट एवढीच की जमीन आधी नगरपालिकेच्या नावावर झाली पाहिजे आणि प्लॉट छोटे पाडले पाहिजेत. एकरकमी एका बिल्डरला दिली की ते फौबान होत नाही, बोनिफासिओ होतं.

चांगल्या इमारती भरपूर असतील आणि शहरात भाडं देणारे लोक असतील तर प्रेसिडियोसारखा ट्रस्ट, फक्त भाड्याच्या घरांतला काही हिस्सा कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखायचा हे पहिल्याच कायद्यात घाला, नंतर ते घुसवणं फार अवघड जातं. छोट्या गावाबाहेरच्या तळावर मात्र हे मॉडेल उचलू नका, तिथे लुकासफिल्म येत नाही.

तळ हाच भागातला मोठा रोजगार होता आणि बंदर किंवा धावपट्टी तयार आहे तर सुबिकचा रस्ता धरावा लागेल, दुसरं काही परवडणार नाही. तिथे एका कंपनीला किती टक्के जागा द्यायची याला वरची मर्यादा लिहून ठेवा.

माती विषारी असेल तर आर्सेनल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कडेची स्वच्छ पट्टी वेगळी काढून विकता येते, आर्सेनलच्या पश्चिमेची जमीन कॉमर्स सिटीने घेतली आणि तिथे २००७ ला फुटबॉलचं स्टेडियम झालं.

आणि काहीच एकमत होत नसेल तर टेम्पेलहोफ. कुंपण उघडा, लोकांना आत येऊ द्या, दहा वर्षं काही बांधू नका. फक्त एक लक्षात घ्या, एकदा लोक आत आले की ते मैदान त्यांचं होतं आणि मग तिथे एक वीट लावायची तरी सार्वमत जिंकावं लागतं, त्यामुळे "तात्पुरतं उघडतोय" असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ते तात्पुरतं कधी संपणार याची तारीख कागदावर मागा. त्याच बैठकीत मातीचा रिपोर्ट, सफाईचे पैसे कोण देणार याचा करार आणि सध्याचा वर्षाचा देखभाल खर्च हे तीन कागद पण मागून घ्या. ही मागणी लष्कर अजून आत असताना करायची, कारण शेवटचा ट्रक गेटबाहेर पडला की समोर सही करायला माणूस सापडत नाही.